दारूबंदीच्या गावातून इटलीच्या बिअरघरांत

बडोद्यात राहून बिअरवर लिहायचे म्हणजे थोडे चमत्कारिकच, कारण गुजरात राज्य १९६० साली जन्माला आले तेव्हापासून येथे दारूबंदी आहे आणि आमच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांतही हा विषय आवाज खाली आणूनच काढला जातो. पण आंबवणे हा या शहराचा जुना धंदा आहे, हेही तितकेच खरे. त्रिभुवनदास गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी १९०७ मध्ये येथे सुरू केलेली अलेम्बिक कंपनी आरंभी टिंक्चर आणि अल्कोहोलच बनवीत असे आणि पेनिसिलिन त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले. मी स्वतः सूक्ष्मजीवशास्त्र शिकलो आणि निवृत्त होईपर्यंत एका औषध कारखान्याच्या फर्मेंटेशन विभागात काम केले. त्यामुळे तोरिनोला (ट्यूरिनला) शिकणाऱ्या भाच्याने इटलीला बोलावले, तेव्हा चर्च आणि संग्रहालयांची यादी सौभाग्यवतींनी केली आणि ब्रुअऱ्यांची मी.

बिअर पाहायची तर जर्मनीला किंवा बेल्जियमला जावे, असे बहुतेकांनी सुचवले. त्यात चूक काही नाही. परंतु त्या देशांत बिअर कशी असावी हे पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेले आहे. इटली हा वाइनचा देश. पेरोनी १८४६ पासून आणि मोरेत्ती १८५९ पासून असल्या, तरी बिअर म्हणजे उन्हाळ्यात पिझ्झ्याबरोबर प्यायचे एक थंड पेय, यापलीकडे तिला फारशी प्रतिष्ठा नव्हती. १९९६ च्या सुमारास लोंबार्दी आणि पिएमोंते या उत्तरेकडील प्रांतांत काही तरुणांनी स्वतःच्या छोट्या ब्रुअऱ्या काढल्या, तेव्हा त्यांना अडवायला परंपरा नव्हती आणि आधाराला गुरूही नव्हता. जर्मन, इंग्रजी, बेल्जियन अशा सर्व पद्धतींतून त्यांनी हवे ते उचलले आणि उरलेली जागा आपल्या स्वयंपाकघरातून व द्राक्षमळ्यांतून भरून काढली. इटालियन क्राफ्ट बिअरची सारी गंमत मला या मोकळेपणात दिसली; मात्र हा मोकळेपणा एका फार कडक शिस्तीवर उभा आहे आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही.

सुरुवात मिलानच्या लाम्ब्राते भागातून केली. आमच्या पिढीला लॅम्ब्रेटा स्कूटर आठवत असेल. तिचे नाव याच भागावरून पडले आणि तिचा कारखानाही येथेच होता. १९९६ मध्ये सुरू झालेली बिर्रिफीचो लाम्ब्राते आजही व्हिया आदेल्कीवरील आपल्या मूळ जागेत पब चालवते. संध्याकाळी कामावरून सुटलेली माणसे तेथे उभ्याउभ्याच एखादा पेला घेतात, सोबत काहीतरी खातात आणि घरची वाट धरतात. धुरावलेल्या माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची, त्यांची काळी ‘गीझा’ मी चवीपुरती घेतली. तेथे मनात भरली ती त्या संध्याकाळची साधी, उघडी रीत. आपल्याकडे ‘बसायचे’ ठरले की दारे लोटली जातात आणि जेवण मध्यरात्रीवर जाते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना माझे म्हणणे कळेल.

कोमो जिल्ह्यातील लुरागो मारिनोने हे गाव मुद्दाम वाट वाकडी करून पाहण्याजोगे आहे. आगोस्तिनो आरिओली यांनी १९९६ मध्ये तेथे बिर्रिफीचो इतालियानो सुरू केली आणि ‘टीपोपिल्स’ ही बिअर बनवली. पिल्सनर ही मुळात जर्मन-चेक घराण्याची, थंड तापमानात आंबणारी, स्वच्छ चवीची बिअर. आरिओलींनी तिच्यावर इंग्रजांची एक युक्ती वापरली, ती म्हणजे आंबवण झाल्यानंतर थंड टाकीत पुन्हा हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुले, घालणे. हॉप्स उकळले की कडवटपणा उतरतो आणि सुगंधी तेले वाफेबरोबर निघून जातात. थंडीत घातले तर कडूपणा जवळपास वाढत नाही, पण वास टिकतो. एवढ्याशा फेरफारातून ‘इटालियन पिल्सनर’ असा वेगळा प्रकार तयार झाला आणि कॅलिफोर्नियाच्या फायरस्टोन वॉकरने आपली ‘पिव्हो’ याच बिअरवरून स्फूर्ती घेऊन बनवली. ही बिअर भरतानाही घाई करत नाहीत: पेला फेसाने भरू देतात, फेस बसला की पुन्हा भरतात आणि शेवटी पांढऱ्या घट्ट फेसाची टोपी काठाच्या वर आलेली असते. प्रत्येक घोटानंतर काचेवर फेसाचे एक कडे राहते. काच नीट धुतलेली नसेल, तिला तेलाचा किंवा साबणाचा अंश असेल, तर हे कडे राहत नाही. मी पेला संपेपर्यंत कडीच मोजत बसलो आणि सौभाग्यवतींनी, ‘आता तरी कारखान्यातून बाहेर या,’ असे सुनावले.

ज्या शिस्तीचा उल्लेख वर केला, ती येथूनच सुरू होते. इटलीच्या २०१६ च्या कायद्याने ‘बिर्रा आर्तिजानाले’ची, म्हणजे क्राफ्ट बिअरची, व्याख्या केली आहे. ब्रुअरी लहान आणि स्वतंत्र असावी, वार्षिक उत्पादन दोन लाख हेक्टोलिटरच्या (एक हेक्टोलिटर म्हणजे शंभर लिटर) आत असावे आणि बिअरचे पाश्चरीकरण किंवा सूक्ष्मगाळण करू नये. त्याच वर्षी रोमजवळच्या भागातील नावाजलेली बिर्रा देल बोर्गो ए. बी. इनबेव या बहुराष्ट्रीय कंपनीने विकत घेतली आणि स्वातंत्र्याच्या अटीवर ती या व्याख्येबाहेर गेली. लोक या अटीवर भरपूर वाद घालतात. माझ्या लेखी शेवटची अट अधिक महत्त्वाची आहे. बिअर तापवायची नाही आणि बारीक गाळायचीही नाही म्हटल्यावर जंतूंपासून बचाव करायला उरते ती फक्त स्वच्छता. हॉप्समधील आम्ले बऱ्याच ग्राम-पॉझिटिव्ह जंतूंना आवर घालतात, पण लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकोकस यांच्या काही जाती त्यांना जुमानत नाहीत आणि मग पेल्यातून आंबटपणा किंवा लोण्यासारखा वास येऊ लागतो. पिएमोंतेतील एका लहानशा ब्रुअरीत मला टाक्यांजवळ जाऊ दिले. तेथला तरुण नमुना घेण्यापूर्वी व्हॉल्व्हचे तोंड अल्कोहोलने पुसत होता, पहिली धार फेकून देत होता आणि मगच पेला पुढे करत होता. आमच्या विभागात नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात नेमके हेच शिकवले जाई. ‘कलाकार ब्रुअर’ अशी वर्णने वाचून मी गेलो होतो; प्रत्यक्षात दिवसाचा मोठा भाग टाक्या, नळ्या आणि फरशी धुण्यात जातो.

कुनेओ जिल्ह्यातील प्योत्सो या लहान गावी मात्र कलाकारही भेटतो. तेओ मुस्सो यांनी १९८६ मध्ये तेथे ‘ले बालादिन’ हा पब काढला आणि दहा वर्षांनी स्वतःची बिअर बनवायला घेतली. आंबवणाऱ्या टाक्यांना हेडफोन लावून यीस्टला संगीत ऐकवण्याचा त्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. यीस्टला कान नसतात, एवढेच मी त्यावर म्हणेन. त्यांची ‘शायाऊ’ मात्र मला मनापासून पटली. बिअरमध्ये हवा शिरू नये म्हणून ब्रुअर जिवाचे रान करतो; येथे मुद्दाम हवा लागू दिली आहे. गॅस नाही, फेस नाही, अल्कोहोल चौदा टक्क्यांच्या आसपास आणि चव खजूर-मनुकांकडे झुकणारी. जेवणानंतर लहान पेल्यातून, सावकाश घ्यायची ही चीज आहे. दोष कोणता आणि गुण कोणता हे ठरवायला येथे कोणी वडीलधारे नव्हते, म्हणूनच हे जमले असावे.

द्राक्षांचा मार्गही तसाच. सार्डिनियात निकोला पेर्रा यांच्या ‘बार्ले’ ब्रुअरीने कान्नोनाऊ द्राक्षांचा रस आटवून केलेली, आपल्या काकवीसारखी दाट ‘सापा’ बिअरमध्ये घातली. तोरिनोजवळ मारेन्तीनो येथे वाल्तेर लोव्हेरिएर यांची ‘बीअरबेरा’ बारबेरा द्राक्षांच्या सालीवरील नैसर्गिक यीस्टवर आंबते. सालीवर आपले ओळखीचे सॅकरोमायसिस, म्हणजे बिअर-वाइनचे नेहमीचे यीस्ट, फार थोडे असते. आरंभी हान्सेनिआस्पोरासारख्या रानटी यीस्टच्या जातींचे राज्य असते आणि अल्कोहोल वाढला की त्या मागे पडतात. हे सगळे नशिबावर सोडून प्यायलायक बिअर काढणे किती अवघड आहे, हे मी पगार घेऊन शिकलेलो आहे. चव आंबट, किंचित तुरट, वाइनच्या शेजारी बसणारी. भाच्याला ती मुळीच आवडली नाही आणि त्याचेही बरोबर होते. २०१५ मध्ये बीजेसीपी या अमेरिकी परीक्षक संस्थेने ‘इटालियन ग्रेप एल’ या नावाने द्राक्षे घातलेल्या अशा बिअरची आपल्या मार्गदर्शिकेत नोंद घेतली.

रोमविषयी थोडक्यात. त्रास्तेव्हेरेतील व्हिया बेनेदेत्तावर ‘मा के सिएते वेनूती आ फा’ हा २००१ पासूनचा चिमुकला बार आहे आणि समोरच ‘बिर अँड फुड’. पहिल्यात बिअर उत्तम, पण बसायला जागा मिळणे कठीण. दुसऱ्यात पिझ्झा मिळतो, त्यामुळे शाकाहारी माणसाचीही सोय होते. २००९ मध्ये उघडलेल्या ‘ओपन बालादिन’मध्ये चाळीसच्या आसपास तोट्या आहेत. देशभर न फिरता नमुने चाखायचे असतील तर तेथे जावे. मला इतक्या तोट्यांपुढे गोंधळायला झाले.

कोणी जाणार असेल तर ऑगस्टचा मध्य टाळावा, कारण त्या दिवसांत अर्धी इटली सुट्टीवर असते आणि छोट्या ब्रुअऱ्यांचे पब बंद सापडतात. एरवीही पुष्कळ जागा संध्याकाळीच उघडतात. प्योत्सोसाठी मोंदोवीपर्यंत रेल्वे आहे, पुढे गाडीच लागते. रक्तात लिटरला अर्धा ग्रॅम अल्कोहोल ही चालकाची कायदेशीर मर्यादा आहे, तेव्हा न पिणारा एक माणूस बरोबर असावा. आमच्यात ती जबाबदारी सौभाग्यवतींकडे होती आणि ब्रुअरीमागे एक चर्च या दराने त्यांनी तिची वसुली केली.