पब्लिक नाचणार नाही

मे महिन्यातला शनिवार होता. लग्नसराईतला शनिवार म्हणजे आमच्या धंद्यातली दिवाळी. गिरगावात एका वाडीच्या तोंडाशी माझं आठ बाय दहाचं दुकान आहे. हार्मोनियम, कीबोर्ड, ॲम्प्लिफायर, बँजो, जे वाजेनासं झालं ते माझ्याकडे येतं. बँजो म्हणजे आपला मुंबईचा बँजो, टाइपरायटरसारखी बटणं असलेलं बुलबुलतरंग, पिकअप लावून भोंग्यात घातलेलं. अमेरिकेतल्या बँजोशी त्याचं नातं नावापुरतं.

अकराच्या सुमारास बँजो पार्टीतला एक पोरगा कीबोर्ड काखेत मारून आला. मधल्या सप्तकातल्या चार पट्ट्या मुक्या, दोन पट्ट्या एकदा दाबल्या की दोनदा वाजत होत्या.

"काका, संध्याकाळी सातला हळद आहे. तुमच्या मागच्याच वाडीत."

"आज शनिवार आहे रे."

"नागिन नाही वाजली तर पैसे कापतात काका. मागच्या वेळी खरंच कापले."

मी कीबोर्ड उघडला. पट्ट्यांखालच्या रबराच्या कार्बनवर धूळ, गुलाल आणि हळदीचा थर बसला होता. हळद मी ह्या धंद्यात सगळ्यात जास्त धुतली असेल. रबर साबणाच्या पाण्यात धुवायचं आणि नीट वाळू द्यायचं, दुसरा मार्ग नाही. "पाचला ये," म्हटलं आणि रबरं पंख्याखाली पेपरवर पसरली.

आता दोन-तीन तास हात मोकळे. तेवढ्यात सकाळचा फोन आठवला. ठाकूरद्वारच्या एका ताईंनी तीन महिन्यांपूर्वी दोन पेट्या आणून टाकल्या होत्या. बिल्डिंग पाडायला जाणार, माळा रिकामा करायचा, त्यात सासऱ्यांच्या ह्या पेट्या निघाल्या. सासरे ऑर्केस्ट्रात वाजवायचे. सकाळी ताई म्हणाल्या होत्या, "दादा, होत नसेल तर सांगा, भंगारवाला दारात उभाच आहे." मी तीन महिने त्या पेट्यांवर चहाचा कप ठेवत होतो. काय आहे ते बघावं, म्हणून एकीचं झाकण काढलं.

आत तीन सप्तकांचा छोटा कीबोर्ड, समोर नंबर घातलेल्या खटक्यांची रांग, खाली गुडघ्याने ढकलायची एक लोखंडी दांडी. दुसऱ्या पेटीत स्पीकर आणि व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या काचेच्या नळ्यांचा, ॲम्प्लिफायर. पाटीवरची धूळ पुसली तर नाव निघालं, क्लॅव्हिओलिन.

तीस वर्षं ह्या धंद्यात आहे, नाव ऐकून होतो, वस्तू पहिल्यांदा हाताखाली आली. १९४७ मध्ये कॉन्स्टंट मार्टिन नावाच्या फ्रेंच माणसाने हे वाद्य काढलं. सिंथेसायझरचा आजोबाच म्हणा. एका वेळी एकच सूर वाजतो. दोन पट्ट्या दाबा, एकच बोलणार. खटक्यांनी आवाजाचा पोत बदलायचा, कंप कमीजास्त करायचा आणि गुडघ्याच्या दांडीने आवाज चढवायचा-उतरवायचा. १९६२ मध्ये ‘टेलस्टार’ ह्या शब्द नसलेल्या इंग्लिश धूनने जगभर धुमाकूळ घातला, त्यात ह्याच जातीचं वाद्य आहे.

पण आपल्याकडे त्याआधी आठ वर्षं ते येऊन गेलं होतं, आणि तेही नागाच्या बिळावर.

१९५४ चा ‘नागिन’. फिल्मिस्तानचा सिनेमा, म्हणजे गोरेगावचा. वैजयंतीमाला, प्रदीप कुमार. संगीत हेमंत कुमार, गीतं राजेंद्र कृष्ण, आवाज लताबाईंचा. ‘मन डोले मेरा तन डोले’मधली ती बीन. ती बीन नाहीच! ते हे क्लॅव्हिओलिन, आणि ते वाजवलं होतं कल्याणजी वीरजी शहांनी, पुढे कल्याणजी-आनंदजी म्हणून गाजले त्यांतले थोरले. सोबत हार्मोनियमवर हेमंतदांचे सहायक रवी. हे आमच्या लाइनीत सगळ्यांना ऐकून माहीत असतं. मलाही होतं. पण माहीत असणं आणि पेटी समोर उघडी पडणं यांत फरक आहे. त्यातून कल्याणजींचं कुटुंब कच्छहून आलेलं, किराणा दुकानवालं, आणि दोघं भाऊ वाढले ते ह्याच गिरगावात. ताईंच्या माळ्यावरची पेटी ती ‘नागिन’मधलीच, असं मी अजिबात म्हणत नाही. तसं म्हणून विकणारे चोरबाजारात पुष्कळ आहेत.

जुनी वस्तू थेट प्लगला लावायची नसते. शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये टाकला आणि बटण दाबलं. बल्ब भक्कन पेटला, म्हणजे आत शॉर्ट. पॉवर सप्लायचा मोठा कंडेन्सर गेला होता, तो बदलला. पुन्हा लावलं, बल्ब मंद झाला, व्हॉल्व्ह लालसर पेटले, आणि स्पीकरमधून गिरणीच्या भोंग्यासारखी घरघर. घाईत चॅसिसला हात लागला आणि कोपरापर्यंत झटका बसला. त्या वेळी जे तोंडातून गेलं ते पलीकडच्या फरसाणवाल्यानेही ऐकलं. अजून दोन कंडेन्सर बदलले, स्पीकरच्या फाटलेल्या कागदी कोनला टिश्यू पेपर आणि फेविकॉल लावला. सूर अर्ध्या पट्टीने उतरलेला होता, मागचा स्क्रू फिरवून चढवला.

मग खटके एकेक करून पाहत गेलो. एक बासरीसारखा, एक नाकातला, एक चिरका. दोन खटके एकत्र टाकले, कंप वाढवला, गुडघ्याने दांडी ढकलली आणि बोटं आपोआप तिकडेच गेली.

अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण त्याबरोबर एक गोष्ट लक्षातही आली. लहानपणी नागपंचमीला आमच्या चाळीत गारुडी यायचा. खऱ्या बिनीला भोपळ्याखाली दोन नळ्या असतात, एकीत चाल, दुसरीत एकच सूर धरलेला. त्याची स्वतःची चाल घोगरी, गोल गोल फिरणारी, आणि आम्हा पोरांना ती मुळीच आवडायची नाही. आम्ही ओरडायचो, "मन डोले वाजव!" बिचारा वाजवायचा. म्हणजे खोट्या बिनीची नक्कल खरी बीन करायची. नागाला तर बाहेरचा कानच नाही, तो बघत असतो हलणाऱ्या बिनीकडे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर गारुडी हळूहळू दिसेनासे झाले, चाल मात्र राहिली.

का राहिली, त्याचं माझ्यापुरतं उत्तर त्या दुपारी मिळालं. हे वाद्य एका वेळी एकच सूर काढतं. मग त्यावर बांधलेल्या चालीला ना कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले दोन-तीन सूर, लागत, ना साथ. शेजारशेजारच्या सुरांवर घसरत ती फिरते. म्हणून ती सनईवर बसते, क्लॅरिनेटवर बसते, बँजोवर, कॅसिओवर, काही नसेल तर तोंडाने. एकाने रुमालाचं टोक दातात धरायचं, दुसऱ्याने रस्त्यावर लोळायचं, झाली वरात. आणि गंमत बघा, तेव्हा हार्मोनियमवर बसलेले रवी पुढे स्वतः संगीतकार झाले. ‘मेरा यार बना है दूल्हा’, ‘आज मेरे यार की शादी है’, ‘बाबुल की दुआएँ’, तिन्ही त्यांची. बँडवाल्यांच्या अर्ध्या चुली त्या एका माणसाने पेटवल्यात.

ताईंना फोन लावून रिसीव्हर स्पीकरसमोर धरला. त्या म्हणाल्या, "हाच तो! ह्याच्यापायी आमची दुपारची झोप जायची." मग जरा थांबून, "भंगारात नको देऊ दादा. पण घरीही नको आणू."

पाचला पोरगा आला. मी मोठ्या ऐटीत त्याला बसवलं आणि वाजवून दाखवलं. "ऐक, हा ओरिजिनल आवाज. सत्तर वर्षांपूर्वीचा."

त्याने शांतपणे ऐकलं. मोबाइल काढून रेकॉर्डही केलं. मग म्हणाला, "भारी आहे काका. पण नागिनसारखं नाही वाटत."

"अरे, हीच नागिन!"

"तसं नाही. आपल्या कीबोर्डात तो बिनीचा टोन आहे ना, तो कसा कानात घुसतो. हा जुना वाटतो. ह्याच्यावर पब्लिक नाचणार नाही."

मी वाद घातला नाही. त्याच्या कीबोर्डातला टोन कोणीतरी कधीतरी ह्याच आवाजाच्या नकलेची नक्कल ऐकून बनवला असणार, पण सात वाजता हळद त्याला वाजवायची होती, मला नाही. रबरं बसवली, पट्ट्या तपासल्या, साडेचारशे रुपये घेतले. घाईत एक रबर नीट वाळलं नव्हतं, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

रात्री शटर ओढायला पावणेदहा झाले. दहाला आवाज बंद, म्हणून मागच्या वाडीत शेवटचा जोर चालू होता. ढोल-ताशा थांबला आणि बीन सुरू झाली. चालीत एक सूर दर वेळी दोनदा वाजत होता. माझीच पट्टी. मी तसाच कुलूप हातात घेऊन वाडीत शिरलो. कीबोर्डवाल्या पोराने मला पाहिलं आणि लाजून हसला. समोर नवऱ्याचा मामा, साठीचा माणूस, हळदीने पिवळा, रुमाल दातात धरून गुडघ्यांवर डोलत होता, आणि तो दुहेरी सूर आला की खांदेही दोनदा उडवत होता. मागची पोरं त्याची नक्कल करायला लागली. पुढच्या फेरीला सगळी गल्ली त्या सुरावर दोनदा खांदे उडवत होती.

सोमवारी पोरगा आला. मी म्हटलं, आण, ती पट्टी फुकट करून देतो.

"राहू दे काका," तो म्हणाला, "शनिवारी अजून एक हळद आहे. त्यांनी तशीच मागितलीय."