साडेत्रेपन्न मिलिमीटर

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या लॅबमध्ये दिवसभर फौंड्रीचाच माल. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथून टेस्ट बार येतात, आम्ही ते यूटीएमवर, म्हणजे ओढून ताकद मोजायच्या मशीनवर, तोडतो आणि रिपोर्ट देतो. साधं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, काचेसारखं तुटतं; एसजी हा त्याचा चिवट प्रकार, तो थोडा ताणतो. बावीस वर्षं हेच बघितल्यावर आवाजावरूनच कळतं काय तुटलं ते.

त्या दिवशी कॉलेजची दोन पोरं जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या घेऊन आली. तीन मिलिमीटर जाड, 2024-टी3 नावाच्या मिश्रधातूच्या. विमानाच्या अंगाला वापरतात तो पत्रा, चार-साडेचार टक्के तांबं घातलेला. काही पट्ट्या कोऱ्या होत्या. बाकीच्या मीठ, पोटॅशियम नायट्रेट आणि थोडं नायट्रिक ॲसिड घातलेल्या पाण्यात चोवीस तास बुडवलेल्या. त्यांचं अंग काळपट पडलं होतं आणि नखानं खरवडलं की पोपडा निघत होता. मी म्हटलं, "ॲल्युमिनियमला कुठं गंज चढतो?" पोरगी म्हणाली, "काका, गंज न्हाई म्हणायचं, पण खातंय बघा." हे तांबंच घात करतं. तांब्याच्या कणांशेजारचं ॲल्युमिनियम आधी विरघळतं, आणि मग ती झीज धातूच्या बारीक दाण्यांच्या सीमेनं आत सरकते.

कोरी पट्टी 472 मेगापास्कलला तुटली. दोन्ही तुकडे जुळवून, ओढण्याआधी मारलेल्या पंचच्या दोन खुणांमधलं अंतर व्हर्नियरनं मोजलं. 50 मिलिमीटरचं 59 झालं होतं, म्हणजे 18 टक्के ताण. झकास.

मग खाल्लेली लावली. आवाज वेगळाच आला, कोरडा. ताकद 418, आणि अंतर साडेत्रेपन्न. सात टक्के! मला वाटलं जबड्यात पट्टी तिरकी बसली. दुसरी लावली, तेच. तिसरी लावली, तेच. आमच्या फौंड्रीच्या एसजी 500/7 मधला तो सात म्हणजे हाच ताण. विमानाचा पत्रा बिडाच्या रांगेत येऊन बसला की!

ताकद उतरली ते मला कळत होतं. वरचा थर खाल्लेला, तो भार घेत नाही, पण भार भागायला आम्ही घेतली मूळची जाडी. पोरांना म्हटलं, "एमरी पेपर मारा. खाल्लेलं सगळं काढा, मग बघू." दोघं तासभर घासत बसली. कडाही घासल्या. एक तुकडा कापून पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली धरला, तर एकही काळी रेघ नाही. जाडी अडीच मिलिमीटर उरली. ती धरून हिशेब केला तर ताकद 466, जवळपास कोऱ्याइतकी. पोरगा खूश झाला. मीही झालो. मग तुकडे जुळवले.

साडेपंचावन्न. अकरा टक्के.

म्हणजे घाण गेली, ताकद आली, पण ताण परत आला नाही. मी व्हर्नियर पुसून पुन्हा मोजलं. पोरीला हे अपेक्षित होतं, म्हणून तर ती पट्ट्या घेऊन आली होती. धातू खाल्ला जाताना हायड्रोजन सुटतो, तो अणू होऊन आत शिरतो आणि जिथं खड्डा नाही तिथलाही धातू ठिसूळ करतो. मायक्रोस्कोपला तो दिसणार कसा? मी आयुष्यभर भिंगातून स्वच्छ दिसलं की ओके लिहीत आलो, म्हणून मला ते जरा लागलं.

28 एप्रिल 1988 ला हवाई बेटांजवळ एका बोईंग 737 चं पुढचं छप्पर उडत्या विमानातून उडून गेलं, तेही तिनंच सांगितलं. जवळजवळ नव्वद हजार उड्डाणं झालेलं, समुद्राच्या हवेतलं विमान. पत्र्याच्या सांध्याचा चिकटा सुटला, आत झीज लागली आणि रिव्हेटच्या भोकांपासून भेगा पळाल्या. एक हवाई सेविका गेली, विमान मात्र उतरलं. तिथं मुख्य कारण थकव्याच्या, म्हणजे पुन्हापुन्हा भार येऊन पडलेल्या, भेगा. आमच्यासारखी एकदाच ओढून केलेली चाचणी ते पकडत नाही, हे तिनंच वर जोडलं. पोरगी हुशार आहे.

साहेब मधेच आत डोकावले, "काय चाललंय? विमान बनवायलाय काय?" मी म्हटलं, "न्हाई, तोडायलोय." तेवढ्यात शिरोलीच्या फौंड्रीवाल्याचा तिसरा फोन, त्याची गाडी माल भरून रिपोर्टसाठी थांबली होती. ॲल्युमिनियमची पट्टी काढून त्याचा बार जबड्यात लावला.


पोरं अजून ते तुकडे जुळवून बघत होती.