गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली किती मुलं डॉक्टर होतात?

मी काम करते त्या कॅनडातल्या वैद्यकीय कॉलेजात मान्यतेच्या तपासणीची तयारी चालली आहे. कागदपत्रं जुळवणं माझ्याकडे, त्यामुळे निकषांचं पुस्तक टेबलावरच असतं. त्यातल्या १.१.१ या अगदी सुरुवातीच्या मुद्द्यापाशी मी अडले. इमारतीचा विषयही निघायच्या आधी विचारलंय, की ज्या लोकांची जबाबदारी तुमच्यावर आहे, त्यांच्या आरोग्याच्या निकडीच्या प्रश्नांसाठी तुम्ही काय करता? ध्येयात चार ओळी लिहून भागत नाही. प्रवेश कोणाला देता, काय शिकवता, शिकायला कुठे पाठवता यात ते दिसायला हवं, आणि परिणाम मोजून दाखवायचा.

जागतिक आरोग्य संघटनेने ही जबाबदारी १९९५ मध्ये मांडली होती. इथल्या ऑन्टारिओ प्रांताच्या उत्तर भागात तर तिच्याच पायावर २००५ मध्ये नॉर्दर्न ऑन्टारिओ स्कूल ऑफ मेडिसिन सुरू झालं. प्रवेशात त्याच भागातल्या, खेड्यांतल्या, आदिवासी आणि फ्रेंच भाषिक मुलांचा विचार आधी होतो. पहिल्या वर्षी चार आठवडे आदिवासी वस्तीत राहायचं. तिसऱ्या वर्षी आठ महिने एखाद्या लहान गावात काढायचे. तिथे आज सर्जरीचा वॉर्ड, उद्या बालरोगाचा, असं नसतं. गरोदरपणी तपासलेली बाई बाळंत होते, मग तिचं बाळ घेऊन त्याच विद्यार्थ्यापुढे येते. आजार घरात कसा राहतो हे त्याला दिसतं. शिक्षण असंच हवं, असं मला मनापासून वाटतं.

वाचताना डोळ्यांसमोर सत्तरी होती. २०१५ मध्ये माकडताप आला तो आपल्या काजूच्या बागांत. ऐन हंगामात रानात जावंच लागतं आणि हा ताप पसरवणारे गोचीड तिथेच चावतात. सत्तरीचा निकडीचा प्रश्न म्हणजे हा. पण आपल्याकडे मान्यतेच्या वेळी बोलणं होतं ते खाटांचं, शिक्षकांच्या संख्येचं, बायोमेट्रिक हजेरीचं. सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांतली किती मुलं डॉक्टर झाली आणि त्यांतली किती तिकडे परतली, हे कोण विचारतं?

तरीही गोमेकॉला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजला, कोणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत. १८४२ पासूनची परंपरा आहे ती. सिंधुदुर्गापासून कारवारपर्यंतचे रुग्ण त्याच्या बांबोळीच्या इस्पितळात येतात. इथे एवढ्या श्रीमंत ऑन्टारिओत २०२३ मध्ये वीस लाखांहून अधिक माणसांना फॅमिली डॉक्टर नव्हता! शिवाय इथली कितीतरी इस्पितळं आपल्यासारख्या देशांत शिकलेल्या डॉक्टरांवर चालतात. त्या देशांप्रती जबाबदारी कोणाची, हे त्या निकषात लिहिलेलं नाही.

सत्तरीतल्या वाळपईहून मामा फोनवर म्हणाले, "एवढं कळतं तर इथं येऊन कर की." मी काही डॉक्टर नाही. पण कॉलेजला जाब विचारायची रीत मी इथे राहिले म्हणूनच शिकले, आणि ती घरच्यांना कळवणं हेही कामच आहे, असं मी मानते.

आपल्याकडे सुरुवात झालेलीच आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कुटुंब दत्तक कार्यक्रमात एमबीबीएसचे विद्यार्थी गावातली काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्यावर लक्ष ठेवतात. त्या कुटुंबांचं पुढे काय झालं, कोणाचा रक्तदाब आटोक्यात आला, कोणाला माकडतापाची माहिती वेळेत मिळाली, याचा हिशेब दरवर्षी त्या त्या ग्रामसभेत वाचला जावा. वाळपईच्या आसपास राहणाऱ्यांनी पुढच्या ग्रामसभेत हे मागून बघा.