तुम्ही विचारलंत म्हणून : घरासाठी लहान लेथ कोणता घ्यावा?

माझ्या कोल्हापूरच्या घरी तळमजल्यावरच्या खोलीत लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून तो टूलने तासण्याचे यंत्र, आहे हे ज्यांना ठाऊक आहे, ते सारे, म्हणजे भाच्याचे मित्र, निवृत्तीनंतर हातांना काम शोधणारे माझ्याच वयाचे स्नेही आणि अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातील मुले, मला एकच प्रश्न विचारतात : ‘घरी धातूकामासाठी लहान लेथ घ्यायचा आहे, खर्च फार झेपणार नाही, तर कोणता घ्यावा?’ या प्रश्नाचे उत्तर मी आजवर तुकड्यातुकड्यांनी देत आलो. आज ते सलग लिहितो आहे. उत्तरापूर्वी मी दोन गोष्टी विचारतो. तुम्ही चकात, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, धरणार असलेला सर्वांत मोठा जॉब (तासायचा तुकडा) किती व्यासाचा असेल, आणि तुमचे घर कितव्या मजल्यावर आहे? किमतीचा विचार त्यानंतर करावा, कारण या दोन उत्तरांवरच निम्म्याहून अधिक पर्याय आपोआप गळून पडतात.

मुळात लेथ घ्यावाच का, हेही एकदा नीट पाहावे. आमच्या शिवाजी उद्यमनगरात एखाद्या टर्नरकडे, म्हणजे लेथ चालवणाऱ्या कारागिराकडे, पितळेचा बुश (दांड्याभोवती बसणारी छोटी नळी) करायला दिला, तर चहा पिऊन होईपर्यंत तो हातात मिळतो. वर्षाकाठी असे तीनचार बुश लागणार असतील, तर घरी लेथ आणू नये आणि त्या कारागिराचे हातचे कामही सोडू नये. मी वाफेच्या इंजिनांच्या लहान प्रतिकृती करतो आणि जुन्या भिंतीवरच्या घड्याळांचे झिजलेले भाग नव्याने घडवतो. या कामात एकच भाग चार वेळा बिघडवून पाचव्यांदा जमतो, आणि तो कसा जमला हे कळण्यातच माझे समाधान आहे. असे काम दुसऱ्याच्या यंत्रावर, दुसऱ्याच्या वेळात करता येत नाही. लेथ घरी हवा तो यासाठी.

लेथच्या आकाराबाबत नवशिक्याची फसगत पहिल्याच दिवशी होते, कारण तो आकार सांगण्याची रीत ठिकठिकाणी वेगळी आहे. आपल्याकडे लेथ बेडच्या, म्हणजे बाकीचे भाग ज्यावर बसतात त्या लांब पायाच्या, लांबीवरून ओळखला जातो. ‘साडेचार फुटी’, ‘सहा फुटी’ असे म्हणतात. पण साडेचार फुटी लेथवर साडेचार फुटांचा दांडा बसत नाही. हेडस्टॉक (चक फिरवणारा डावीकडचा भाग) आणि टेलस्टॉक (जॉबला उजवीकडून आधार देणारा भाग) यांनी जागा अडवल्यावर दोन सेंटरांमध्ये, म्हणजे जॉब धरणाऱ्या दोन टोकदार टेकूंमध्ये, साधारण सातशे मिलिमीटरच उरतात. इंग्लंडमध्ये पूर्वापार सेंटरची उंची सांगत, म्हणजे बेडपासून चक फिरवणाऱ्या स्पिंडलच्या मध्यापर्यंतचे अंतर, तर अमेरिकेत बेडवर फिरू शकणारा सर्वांत मोठा व्यास सांगतात. म्हणून नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टन येथे बनलेला, हौशी कारागिरांचा लाडका मायफर्ड एमएल-सेव्हन हा साडेतीन इंच उंचीचा लेथ आणि आज चीनमधून येणारा ‘सात बाय चौदा’ हा मिनी लेथ यांचा फिरता व्यास कागदावर सारखाच, सात इंच, भरतो. शिवाय हा व्यास फक्त बेडच्या वरचा असतो. काम करताना जॉबखाली क्रॉस स्लाइड (टूल आडवे पुढेमागे नेणारा भाग) येते आणि तिच्यावरून जाणारा व्यास मिनी लेथवर जेमतेम ११० मिलिमीटर असतो. जाहिरातीतला १८० हा आकडा वाचून १५० मिलिमीटर व्यासाचे लांब नळकांडे बाहेरून तासण्याचे बेत कोणी आखू नयेत. स्पिंडलचे भोक किती आहे तेही विचारावे. नेहमीच्या मिनी लेथवर ते २० मिलिमीटर असते. त्याहून जाड दांडा हेडस्टॉकमधून आरपार घालता येत नाही आणि प्रत्येक तुकडा आधी कापूनच घ्यावा लागतो.

आता मजल्याचा मुद्दा. मिनी लेथचे वजन चाळीस किलोच्या आसपास असते. दोन माणसे तो जिन्याने वर नेऊ शकतात आणि तो जाड लाकडी टेबलावर बसतो. राजकोट किंवा बटाला येथे बनणारा साडेचार फुटी हलका लेथ तीनचारशे किलोंचा असतो. त्याला तळमजला, सिमेंटची जमीन आणि उतरवताना चेन पुली लागते. कारखान्यांतून निवृत्त होणारे एचएमटीचे किंवा हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचे मोठे लेथ कधी कधी भंगाराच्या भावात मिळतात आणि त्यांची घडण पाहून मोह होतो, पण टनाच्या पुढचे ते यंत्र घराच्या खोलीसाठी नाही. सदनिकेत राहणाऱ्यांना मी स्पष्टपणे मिनी लेथ घ्या असे सांगतो, आणि तळमजला असेल त्यांना वापरलेला हलका भारतीय लेथ शोधा असे सांगतो. एकाच सांगाड्यावर लेथ, मिलिंग आणि ड्रिल बसवलेली जोडयंत्रे मात्र मी कोणालाच सुचवत नाही. मर्यादित पैशात तिन्ही कामे साधायची म्हटली की तिन्हींचा कणखरपणा कमी होतो, आणि एका कामाची मांडणी मोडल्याशिवाय दुसरे सुरू करता येत नाही.

वापरलेल्या भारतीय लेथकडे माझा कल का आहे, याचे कारण मंद गतीत आहे. हायस्पीड स्टीलच्या टूलने साधे पोलाद कापताना जॉबचा पृष्ठभाग टूलसमोरून मिनिटाला सुमारे पंचवीस मीटर या वेगाने जावा असा ठोकताळा आहे. त्या हिशोबाने २५ मिलिमीटरच्या दांड्याला मिनिटाला सुमारे ३२० फेरे लागतात, तर १०० मिलिमीटरच्या चकतीला फक्त ८०. बिडाचे चाक असेल तर आणखी कमी, साठपासष्ट फेरेच. मिनी लेथवर गतीचे बटण फिरवून एवढी मंद गती मिळते हे खरे, पण इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने मोटर मंद केली की तिची शक्तीही त्याच प्रमाणात उतरते. दहाव्या हिश्श्याच्या गतीला साधारण दहाव्या हिश्श्याचीच शक्ती उरते. मोठ्या व्यासावर टूल टेकवताच जॉब थांबतो तो यामुळे. जुन्या पद्धतीच्या लेथवर पट्टा, पायऱ्यांची पुली आणि बॅक गिअर असतात. बॅक गिअर लावला की गती पाचसहा पट उतरते आणि पिळाचे बळ जवळजवळ तितकेच वाढते, मोटर मात्र आपल्या पूर्ण वेगाने फिरत राहते. माझ्या फ्लायव्हीलचे बिडाचे ओतकाम मी याच रीतीने तासतो. मिनी लेथ घेणार असाल, तर निदान हेडस्टॉकमध्ये दोन टप्प्यांचे गिअर असलेला घ्यावा आणि ते गिअर प्लॅस्टिकचे आहेत की धातूचे हे विचारावे.

वापरलेला लेथ पाहायला जाताना रंगावर जाऊ नये. माझा पहिला लेथ मी रंग पाहूनच घेतला होता. हिरवाकंच ताजा रंग होता, हँडल चकचकीत होती, विकणाऱ्याने चक फिरवून दाखवला आणि मी पैसे दिले. घरी आल्यावर पिस्टनचा दांडा तासू लागलो तेव्हा दीडशे मिलिमीटर लांबीत व्यासात ०.०८ मिलिमीटरचा फरक पडू लागला. चकाजवळ जाड, टोकाला बारीक. टेलस्टॉक सरकवून पाहिला, टूल बदलले, बेडखाली शिम (पातळ पत्र्याच्या पट्ट्या) घातले, पण काही केल्या फरक जाईना. दोष बेडच्या झिजेत होता. लेथवर बहुतेक कामे चकाजवळच्या वीतभर जागेत होतात, म्हणून बेड तेथेच झिजतो आणि टूल वाहून नेणारी कॅरेज त्या खळग्यात गेली की किंचित कलते. बेड ग्राइंडिंगला देण्याचा खर्च यंत्राच्या किमतीच्या जवळ जात होता. तो लेथ मी दोष सांगूनच पुढे विकला आणि नुकसान सोसले.

ही झीज ओळखण्याची रीत सोपी आहे. कॅरेज टेलस्टॉकच्या टोकाला नेऊन तिचा लॉक इतकाच आवळावा की ती थोडी जड सरकेल, आणि मग ती चकाकडे आणावी. वाटेत ती एकदम सैल झाली, तर तेथे बेड झिजलेला आहे. याउलट, क्रॉस स्लाइडचे हँडल उलटे फिरवताना काही अंश नुसतेच फिरत असेल, तर त्याची फार धास्ती घेऊ नये. टूल नेहमी एकाच दिशेने पुढे आणण्याची सवय लावली की त्या मोकळ्या फिरण्याने माप चुकत नाही, आणि नट बदलणे स्वस्तही असते. हेडस्टॉकची परीक्षा मात्र कठोरपणे घ्यावी. शंभरेक मिलिमीटर बाहेर राहील असा जाड दांडा चकात धरावा, डायल गेज (मिलिमीटरचे शतांश दाखवणारे काट्याचे मापक) टेकवावा आणि दांडा हाताने वर रेटून पाहावा. काटा दोनतीन शतांश हलून परत आला तर हरकत नाही. ठकठक जाणवली तर बेअरिंग गेलेले आहे. बॅक गिअरचे सर्व दात मोजावेत, आटे पाडताना कॅरेज ओढणाऱ्या लीडस्क्रूची चकाजवळची बाजू आणि टेलस्टॉकजवळची बाजू शेजारीशेजारी न्याहाळावी, आणि चेंज गिअरचा (आट्यांचे माप बदलण्यासाठी लावायच्या गिअरांचा) संच पूर्ण आहे का ते पाहावे. जुन्या लेथचा लीडस्क्रू इंची असेल आणि तुम्हाला मिलिमीटरचे आटे पाडायचे असतील, तर त्या संचात १२७ दातांचा गिअर शोधावा. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि त्याची पाचपट म्हणजे १२७. पूर्णांकात बसणारी सर्वांत लहान संख्या तीच आहे, म्हणून अचूक मेट्रिक आट्यांना तो गिअर लागतो.

मिनी लेथ नवा घेतला तरी तो खोक्यातून काढून लगेच चालवू नये. तो जुळवणीच्या साहित्यासारखा मानावा. पूर्ण उघडून रॉकेलने पुसावा, स्लाइडच्या गिब (सैलपणा घालवणाऱ्या पट्ट्या) नीट बसवाव्यात आणि सर्वत्र तेल द्यावे. स्पिंडलला बहुतेक वेळा ६२०६ क्रमांकाचे साधे बॉल बेअरिंग असते. पुढेमागे त्याजागी ३०२०६ हे टेपर रोलर बेअरिंग बसवल्यास कटमध्ये स्पष्ट फरक पडतो. ते सव्वा मिलिमीटर जास्त रुंद असल्याने शेजारचा स्पेसर तेवढा कमी करावा लागतो, हे मात्र आधी लक्षात ठेवावे.

विजेबद्दल थोडक्यात सांगतो. घरात सिंगल फेज असते आणि जुन्या लेथला बहुधा थ्री फेज मोटर असते. एक अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर बदलून बसवणे हा सरळ उपाय आहे. व्हीएफडी (मोटरची गती बदलणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण) लावायचा असेल, तर सिंगल फेजवरून तो २३० व्होल्टचाच थ्री फेज देतो, म्हणून मोटर त्या व्होल्टेजला डेल्टामध्ये जोडता येते का हे तिच्या पाटीवर पाहून आणि जाणकार वायरमनला दाखवूनच पुढे जावे. अर्थिंग पक्के हवे.

पैशाची वाटणी मी अशी सांगतो : हाताशी असलेल्या रकमेचे तीन भाग करून दोनच भाग यंत्रावर खर्च करावेत. चार जबड्यांचा स्वतंत्र चक, ड्रिल चक, फिरते सेंटर, मॅग्नेटिक स्टँडसह डायल गेज, मायक्रोमीटर, बेंच ग्राइंडर आणि हायस्पीड स्टीलचे सातआठ बिट ही खरेदी टाळता येत नाही. सुरुवातीला कार्बाइडच्या टिपांच्या मागे लागू नये. लहान, कमी ताकदीच्या यंत्रावर हाताने धार दिलेले स्टीलचे टूलच हलके चालते, आणि धार लावता येणे हे टर्नरचे निम्मे शिक्षण आहे. टूलचे टोक बरोबर सेंटरच्या उंचीला आणण्यासाठी शिमच्या पट्ट्या कापत बसायचा कंटाळा येत असेल, तर क्विक चेंज टूलपोस्टवर (टूल झटपट बदलता व वरखाली करता येणाऱ्या पकडीवर) केलेला खर्च मी वाया गेला असे म्हणणार नाही.

आमच्याकडचा पावसाळा लेथचा वैरी आहे. जुलैत एका रात्रीत बेडवर गंजाची तांबूस छटा चढते. काम संपले की कीस ब्रशने काढावा आणि तेलाचा पातळ थर द्यावा. सुती चादर टाकून ठेवू नये, कारण ती ओल धरून राहते. यंत्र चालू असताना हातमोजे, मनगटावरचा धागा, अंगठी, सैल बाही, ओढणी, मोकळे केस यांपैकी काहीही असता कामा नये, डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच आणि चकची चावी हातातून सुटावी ती खिळ्यावर अडकवण्यासाठीच. घरात लहान मुले असतील तर मोटरचा मुख्य स्विच त्यांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर बसवावा.

लेथ बसवून झाल्यावर पहिला जॉब म्हणून पंचवीस मिलिमीटरचा दांडा चकात धरून, टेलस्टॉकचा आधार न देता, त्याच्या दोन्ही टोकांना दोन कडी तासावीत, मधला भाग बारीक करावा आणि शेवटचा हलका कट टूलला हात न लावता दोन्ही कड्यांवरून न्यावा. दोन्ही व्यास सारखे येईपर्यंत लेथच्या पायांखालचे शिम कमीजास्त करावेत, म्हणजे बेडचा पीळ निघतो. माझ्या आताच्या लेथवर या कसरतीला तीन संध्याकाळी लागल्या. तो दांडा मी तारीख कोरून जपून ठेवला आहे. दर दिवाळीत, पावसाने जमीन किती हलवली हे पाहण्यासाठी, तसाच एक नवा दांडा तासतो आणि त्याच्याशेजारी ठेवतो.