व्हॅनवाल्या काकांचं नाव यादीत आहे का?

आम्ही राहतो त्या एदोगावा वॉर्डाने २०१९ साली पुराचा एक नकाशा काढला. मुखपृष्ठावर वॉर्डाचं चित्र, त्यातून बाहेर पडणारे बाण आणि एक वाक्य: ‘इथे थांबून चालणार नाही.’ इतकी सरळ भाषा सरकारी कागदावर मी आधी कधी पाहिली नव्हती. टोकियोच्या पूर्व टोकाला, दोन मोठ्या नद्यांच्या मध्ये आणि समुद्राला लागून असलेला हा भाग. यातलंच निशिकासाई, जिथे बरेच भारतीय राहतात, त्याचं नाव घेतलं की जपानमधल्या भारतीयांना लगेच कळतं. इथली जवळपास ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. म्हणजे महापूर आला तर घराचा वरचा मजला गाठायचा विचार करू नका, आधीच वॉर्ड सोडा, असा त्या नकाशाचा एकूण सूर.

अशा ठिकाणी मुलगा सरकारी शाळेत जातो म्हटल्यावर नागपूरहून आईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “अन् भूकंप आला तर?” तर इथल्या शाळांच्या आपत्तीच्या तयारीबद्दल हे सगळं तिच्यासाठी, आणि त्याहून जास्त माझ्या वहिनीसाठी. वहिनी नागपुरातल्या एका शाळेत शिकवतात.

इथे वर्गात प्रत्येक खुर्चीला एक टोपी असते. छोटी गोधडी शिवून डोक्यावरून खांद्यापर्यंत ओढावी तशी. एरवी ती मुलांच्या बुडाखाली नाहीतर पाठीशी असते, हादरा बसला की डोक्यावर. सराव जवळपास दर महिन्याला होतो. भोंग्यावर सूचना आली की मुलं बाकाखाली शिरतात आणि बाकाचे पाय दोन्ही हातांनी धरतात, कारण मोठ्या हादऱ्यात बाकच सरकून जातो. मग टोपी घालून मैदानात. ढकलायचं नाही, पळायचं नाही, बोलायचं नाही, परत फिरायचं नाही, हे चार नियम पहिलीतलं पोरही म्हणून दाखवतं. आणि जपानी शाळेत जे एरवी कधीच चालत नाही ते त्या वेळी चालतं: वर्गात घालायच्या बुटांवरच मुलं बाहेर मातीत जातात. बूट बदलायच्या कपाटापाशी सहा वर्गांची गर्दी झाली तर काय होईल, ते कुणीतरी आधीच बसून विचारात घेतलेलं आहे.

मला जास्त आवडतो तो न सांगता घेतलेला सराव. मधल्या सुट्टीत किंवा सफाईच्या वेळेत अचानक घोषणा होते. कुणी संडासात, कुणी जिन्यात, कुणी फडका पिळत. शिक्षक जवळ नसतात. मुलाने स्वतः ठरवायचं, काचेपासून लांब व्हायचं, डोकं झाकून खाली बसायचं. नंतर वर्गशिक्षक मोजणी करतात आणि आकडा जुळेपर्यंत मुख्याध्यापक पुढे बोलत नाहीत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे जरा अति वाटलं होतं. आता वाटत नाही.

१ सप्टेंबर हा इथे आपत्तीच्या तयारीचा दिवस. १९२३ साली याच तारखेला, दुपारी ११ वाजून ५८ मिनिटांनी टोकियोच्या आसपासच्या कांतो भागात भूकंप झाला. जेवणाची वेळ, घराघरात चुली पेटलेल्या. एक लाखावर माणसं गेली, त्यातली बहुतेक आगीत. या दिवसाच्या आसपास अनेक शाळांत पालकांनाही बोलावतात, मूल ताब्यात देण्याच्या सरावासाठी. नागपूरच्या वाचकांनी वाचायचा भाग खरा हाच.

वर्षाच्या सुरुवातीला आपण एक कार्ड भरून देतो. मुलाला कोण कोण न्यायला येऊ शकतं, त्यांचं नाव, नातं, फोन. सरावाच्या दिवशी पालक वर्गाबाहेर रांग लावतात. बाई कार्ड काढतात, नाव विचारतात, मुलालाही विचारतात, “हे कोण?” मग वेळ लिहितात आणि मूल देतात. गेल्या खेपेला माझ्यापुढे एक आजी होत्या. रोज त्याच नातवाला शाळेत सोडायच्या, बाई त्यांना ओळखतात, हसून बोलतात. पण कार्डावर आजींचं नाव नव्हतं. बाईंनी कमरेत वाकून माफी मागितली आणि नातू दिला नाही. सुनेला फोन झाला, ती कामावरून आली, कार्डात नाव घातलं, तेव्हा कुठे आजी-नातू घरी गेले. आजी रागावलेल्या दिसल्या नाहीत. मी तर नक्की भांडले असते.

परतीची वाटही सरावातच येते. मुलाबरोबर चालत जायचं आणि वाटेत काय पडू शकतं ते बघायचं. २०१८ च्या जूनमध्ये ओसाकाच्या भूकंपात ताकात्सुकी शहरात एक ९ वर्षांची मुलगी शाळेच्या पोहण्याच्या तलावाची भिंत अंगावर पडून गेली. भिंत शाळेचीच, मुलगी शाळेतच चाललेली. त्यानंतर देशभरच्या शाळांच्या भिंती तपासल्या गेल्या.

जपानचं सगळं गुणगान करायला बसले नाही. २०११ च्या मार्चमधल्या त्सुनामीत इशिनोमाकीच्या ओकावा प्राथमिक शाळेची ७४ मुलं आणि १० शिक्षक-कर्मचारी गेले. भूकंपानंतर मुलं सुखरूप मैदानात आली होती, म्हणजे आपल्या सरावाच्या भाषेत ड्रिल यशस्वी झालं होतं. पुढे कुठे जायचं हे मात्र ठरलेलं नव्हतं. शाळेच्या नियमपुस्तिकेत ‘मोकळी जागा किंवा उद्यान’ एवढंच मोघम लिहिलेलं. शाळेमागे टेकडी होती. तरी पाऊण तासाच्या आसपास सगळे मैदानातच थांबले, आणि निघाले ते नदीच्या पुलाकडच्या उंचवट्याकडे. पालक कोर्टात गेले. सेंदाईच्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निकाल दिला की चूक फक्त त्या दिवशीच्या शिक्षकांची नव्हती, आधीची तयारीच अपुरी होती, आणि त्याची जबाबदारी शाळा व शिक्षण मंडळावर येते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. नियमपुस्तिका मोघम ठेवणं हाही निष्काळजीपणा, हे आता इथे कायद्याने पक्कं झालंय.

त्सुनामीच्याच वर्षी, २०११ मध्ये, सायतामा शहरात सहावीतली एक मुलगी धावण्याच्या सरावानंतर कोसळली. ती श्वास घेतेय असं शिक्षकांना वाटलं, म्हणून शाळेत असलेलं एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देऊन ठोके परत आणणारं यंत्र, लावलंच नाही. हृदय बंद पडल्यावरही काही वेळ माणूस आचके दिल्यासारखा श्वास घेतो, तो खरा श्वास नसतो. पुढच्या वर्षी तिच्या आईवडिलांनी आणि शहराच्या शिक्षण मंडळाने मिळून शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं पुस्तक तयार केलं. त्याचा गाभा एवढाच: मूल हाकेला ओ देत नाही आणि श्वास नेहमीसारखा आहे का याची खात्री वाटत नाही, तर श्वास नाही असंच धरा, छाती दाबायला लागा, एईडी आणा. मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं. वहिनी, हे तुमच्या पीटीच्या सरांना आजच पाठवा.

आता नागपूर. दिवाळीत घरी आले तेव्हा मी वहिनींना विचारलं, “तुमच्याकडे ड्रिल होतं का?”

“होते ना बाप्पा! दरवर्षी होते. पोरं आधीच मैदानात उभी करतो, पाहुणे सिलिंडर मारून दाखवतात, अन् फोटो ग्रुपवर टाका लागते.”

“आणि मागचा जिना?”

“त्याच्या चॅनल गेटला कुलूप असते. चावी शिपाईभाऊजवळ.”

“शिपाईभाऊ सुट्टीवर असले तर?”

वहिनी चहा गाळता गाळता थांबल्या. “अगं, आता तू इन्स्पेक्शनलाच आली का?”

तमिळनाडूतल्या कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातून आग छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. जिना अरुंद, छप्पर शाकारलेलं. त्यावरच्या जनहित याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ ला सांगितलं की प्रत्येक शाळेत आग विझवण्याची साधनं हवीत आणि शिक्षकांना ती वापरण्याचं प्रशिक्षण हवं. लाल सिलिंडर त्यामुळे आले. प्रशिक्षण मात्र बऱ्याच ठिकाणी पाहुण्यांनी फवारा मारून दाखवण्यापाशीच अडलं. पिन ओढायची, नळी ज्वाळेच्या मुळाशी धरायची, दाबायचं आणि डावीकडून उजवीकडे फिरवायचं, हे वहिनींनी स्वतः एकदाही केलेलं नाही.

आणि गंमत बघा, हे सगळं शिकवणाऱ्या देशातल्या मोठ्या संस्था आपल्या गावात आहेत! राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली रामपूरला निघालं आणि दुसऱ्याच वर्षी नागपूरला आलं. देशभरचे फायर ऑफिसर तिथे घडतात. सिव्हिल लाइन्समधलं राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय १९५७ चं. ते पुढे एनडीआरएफच्या, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या अकादमीत विलीन झालं, आणि ती अकादमीही नागपुरातच. अख्ख्या देशाला आपत्तीचे धडे देणारं गाव, आणि त्याच गावातल्या शाळेत चॅनल गेटची चावी शिपाईभाऊंच्या खिशात. याला काय म्हणावं?

भूकंपाचं सोडा, आपल्याकडे त्याचं भय कमी आहे. पण २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी लोकांच्या बैठकीत शिरली. मूकबधिर विद्यालयातल्या मुलांनाही बचाव पथकांनी बाहेर काढलं. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत भोंगा काय कामाचा? तिथे लुकलुकणारा दिवा हवा, रात्री खांदा हलवून उठवणारं माणूस ठरलेलं हवं. जपानचा कागद जसाच्या तसा उचलून भागत नाही ते असं.

उन्हाचंही तेच. इथे शाळेच्या मैदानावर ऊन, दमटपणा आणि तापमान मिळून एक आकडा दाखवणारं यंत्र असतं. आकडा ३१ वर गेला की खेळ बंद. नागपूरच्या माणसाला उन्हाचे धडे जपान्याने द्यावेत, हे जरा झोंबतंच. पण मार्च-एप्रिलच्या सकाळच्या शाळेतून अकरा-साडेअकराला मूल सुटतं आणि व्हॅनमध्ये अर्धा-पाऊण तास कोंबून बसतं, त्याला चक्कर आली तर व्हॅनवाले काका काय करतील, हे कुणी त्यांना शिकवलंय का?

तर, व्हॅनवाले काका. माझ्या मते नागपूरच्या शाळांची खरी आपत्ती-योजना त्यांच्याशिवाय होऊच शकत नाही. पालक नोकरीवर, कुणी बुटीबोरीला, कुणी मिहानला. मूल ताब्यात कोण घेणार, तर काका. आणि शाळेच्या कागदावर काकांचं नाव नाही, गाडीचा नंबर नाही, त्यांच्या गाडीत कोणती पोरं बसतात त्याची यादी नाही. एखाद्या दिवशी ते आजारी पडून त्यांचा भाचा गाडी घेऊन आला, तरी गेटवर कुणी विचारत नाही.

मी परतल्यावर वहिनींनी मनावर घेतलं. चॅनल गेटची दुसरी चावी आता स्टाफरूममध्ये काचेच्या पेटीत लटकते. मग शाळेने काकांची बैठक बोलावली, ऑटोवालेही आले. कार्ड भरून घ्यायचं ठरलं, फोटोसकट. पाणी वाढलं किंवा आग लागली तर आधी शाळेचा फोन येईल आणि मगच गाडी गेटवर लावायची, तोवर पोरं शाळेच्याच ताब्यात, हेही ठरलं. तेवढ्यात एक काका उठून म्हणाले, “मॅडम, माह्याजवळ तीन शाळेची पोरं हायेत. तिन्हीकडून एकदमच फोन आला, तं मी पयले कोन्या शाळेत जाऊ?”

उत्तर कुणाकडेच नव्हतं. वहिनी आता बाकीच्या दोन शाळांच्या मुख्याध्यापकांकडे वेळ मागून राहिल्या आहेत. एकीकडून शनिवारी या असा निरोप आलाय.