नायजेरियातलं कानो: जाणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर

राजधानी अबुजाहून कानोला विमानानेच जा. कडुनाकडून जाणाऱ्या रस्त्यावर अपहरणं झालेली आहेत. पैसे वाचवायची ही जागा नव्हे. नोव्हेंबर बरा. पुढे सहाराकडून हरमटान वारा सुटला की धुळीने घसा धरतो.

जुन्या शहरातले कोफर माताचे निळीचे हौद चुकवू नका. ते 1498 पासूनचे असल्याचं सांगतात. जमिनीत खोल, गोल खड्डे आणि त्यात नीळ, राख, पाणी आंबवलेलं. रंगारी काठावर बसून कापड बुडवतो. वर काढताना ते हिरवट दिसतं, आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होत जातं. मग लाकडी मोगरीने बडवून त्याला चकाकी आणतात. बरेच हौद आता बंद आहेत. कापड घ्यायचंच तर इथेच घ्या, कारण कांतिन क्वारीच्या मोठ्या बाजारात चिनी मालाची रेलचेल आहे.

एकेकाळी कानोत भुईमुगाच्या पोत्यांचे मनोरे उभे असत. 1970 च्या दशकात तेलाचा पैसा आला आणि शेतीकडे दुर्लक्ष झालं. पुढे वीज नाही आणि बाहेरचा माल स्वस्त, यात कापडगिरण्याही बंद पडल्या. दुकानं जनरेटरवर चालतात. मे 2023 मध्ये पेट्रोलची सबसिडी गेल्यापासून तेही परवडेना. इतके कष्टाळू व्यापारी असलेलं शहर विजेपायी अडून राहावं, याचं फार वाईट वाटतं.

हौसा आणि फुलानी हे इथले दोन समाज, पण हौसा-फुलानी असं आपण एका दमात म्हणतो. 1804 मध्ये फुलानी धर्मगुरू उस्मान दान फोदियोने पुकारलेल्या जिहादनंतर फुलानी घराणी हौसा गाद्यांवर बसली, पण भाषा हौसाच राहिली. गुरं राखणारे फुलानी मात्र आजही वेगळे जगतात. त्यांच्या बायका तुंब्यातून दही आणतात आणि त्यात बाजरीचे गोळे कुस्करून देतात, तो फुरा दा नोनो. पोटभरीचा आहे, पण दूध कच्चं असू शकतं, पोट नाजूक असेल तर जपून. आपल्याकडे धनगर शेतात मेंढरं बसवतात, तशी इथेही कापणीनंतर गुरं रानात बसत: शेताला खत, गुरांना पिकाची उरलेली ताटं. चराऊ वाटा नांगराखाली गेल्या, पाऊस बेभरवशाचा झाला, आणि ती देवघेव जागोजागी हाणामारीवर आली. याला नुसतं जातीधर्माचं भांडण म्हणणं मला पटत नाही. मूळ जमीन-पाण्यात आहे.

शहरात फिरायला तीनचाकी रिक्षा, पुष्कळशा बजाजच्याच. भाडं बसण्याआधी ठरवा. भारतीय म्हटल्यावर हिंदी सिनेमाच्या गप्पा निघतात. वाटी घेऊन फिरणारी मदरशांतली मुलं, अल्माजिरी, भेटतील; त्यांना खायला द्या. 2000 पासून शरिया लागू आहे, तेव्हा दारूचं नाव काढू नका, अंगभर कपडे घाला आणि शुक्रवारी दुपारी खरेदी ठेवू नका. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्या. दाखला पासपोर्टसोबत ठेवा; तो नसेल तर परतल्यावर भारतात 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.