सहा की सात?

रामबागेतले एक निवृत्त गणिताचे मास्तर दोन रिपोर्ट माझ्या टेबलावर शेजारी शेजारी मांडून बसले होते. प्रोस्टेटची बायोप्सी एकच, स्लाइड्सही त्याच. आमच्या पॅथॉलॉजी लॅबचा रिपोर्ट ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक, हे सांगणारी ग्रेड) ३+३=६, दुसऱ्या मताचा ३+४=७. आमच्यावरची सही माझी.

"ताई, पेपर एक आणि तपासणारे दोन, हे मला नवीन नाही. पण सहाला डॉक्टर नुसती नजर ठेवू म्हणतात, सातला ऑपरेशनचं बोलतात. मी काय धरू?"

"पुन्हा बघते काका," म्हटलं. मनात मात्र हेच, की दुसरं मत देणाऱ्यांनी चार जरा सढळ हाताने दिलेत.

शनिवारी सरांनी वीस जुन्या स्लाइड्स काढल्या, नंबरांवर चिकटपट्टी लावली. आम्ही चौघे मल्टिहेड मायक्रोस्कोपला, म्हणजे एकच स्लाइड सगळ्यांना एकदम दिसते. बोलायचं नाही, चिठ्ठीवर ग्रेड लिहायची. डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६० च्या दशकात बसवलेली ही पद्धत पेशीकडे नाही, ग्रंथींच्या मांडणीकडे बघते. सुट्या, नीट पोकळी असलेल्या ग्रंथी म्हणजे तीन. एकमेकींत मिसळलेल्या, चाळणीसारख्या किंवा धड न बनलेल्या म्हणजे चार. बेरजेत पहिला आकडा जास्त दिसणाऱ्या मांडणीचा, दुसरा उरलेलीचा; एकच मांडणी असेल तर तोच आकडा दोनदा. चाळणीवर आमचं भांडण झालंच नाही. भांडण 'धड न बनलेल्या'वर. तीनचीच ग्रंथी तिरकी कापली गेली, की पोकळी दिसत नाही आणि ती हुबेहूब चारसारखी दिसते.

चौदाव्या स्लाइडच्या कडेला अशा सहा-सात ग्रंथींचा पुंजका होता. मी ३+४ लिहिलं. सरांनी चिकटपट्टी काढली. नंबर मास्तरांचा.

बाकी तिघांपैकी दोघांनी ३+३ लिहिलं होतं, त्यामुळे मला हसायला कोणालाच तोंड नव्हतं. पण दुसऱ्याशी न जुळणं वेगळं. माझं माझ्याशीच जुळलं नव्हतं.

टेक्निशियनदादांनी ब्लॉकमधून, म्हणजे बायोप्सीचा तुकडा बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्यातून, आणखी खोल तीन काप काढले. पुंजका तिन्हींत तसाच, पोकळी कुठेच उघडेना. तिरक्या कापाची सबब संपली. तेव्हापासून आमच्याकडे दोन गोष्टी पक्क्या झाल्या: सहा-सातच्या उंबरठ्यावरची स्लाइड दुसऱ्याला दाखवल्याशिवाय सही नाही, आणि चारचा वाटा किती टक्के ते रिपोर्टात लिहायचंच. शंकेच्या जागांचे फोटो एका फोल्डरमध्ये साठवतो. भांडायला बरे पडतात.

सुधारित रिपोर्ट मीच टाइप केला: ३+४=७, ग्रेड ग्रुप २ (ग्रुप एक ते पाच, पाच सर्वांत आक्रमक), चारचा वाटा पाच टक्क्यांहून कमी. मास्तरांना बोलावून चूक माझी, असं सांगितलं. इतका कमी वाटा असेल तर नजर ठेवायचा मार्गही बंद होत नाही, डॉक्टरांशी बोला, म्हटलं. ते रागावतील म्हणून मी तयारीत होते.

त्यांनी चष्मा पुसला. "आणि ४+३ असतं तर?"

"तेही सातच. पण ग्रुप ३. चार जास्त, म्हणजे आजार जास्त आक्रमक."

"चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, बेरजेत क्रमाने फरक पडत नाही," ते म्हणाले, आणि रिपोर्टाची घडी करून खिशात ठेवली.